बाविसाव्या मजल्यावरची अल्का

अल्काला चाळिसाव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हतं. साक्षरतेच्या वर्गात तिला मी शिकवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण बत्तीस वर्षं शाळेत घालवून माझ्या नावावर सांगण्यासारखं जे थोडंफार आहे, त्यात अल्का पहिली. माझं नाव शकुंतला, पण दवनीवाड्यात मला सगळे नुसतं बाई म्हणतात. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत भाताची रोवणी, संध्याकाळी बिड्या, आणि रात्री कंदिलाशी पाटी, अशी अल्का शिकली. 'ळ' काढता येईना म्हणून एकदा पाटीवर डोकं टेकून रडली होती. नवरा केवलराम गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमाल होता. तो लवकर गेला. एक मुलगा, संघदीप. त्यालाही पहिलीत मीच शिकवलं, आणि त्याचा कान पिरगाळायचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. रोज संध्याकाळी बायामाणसं पांढऱ्या कपड्यांत जमतात, त्रिसरण-पंचशील होतं आणि मग एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आधी भैयालाल वाचायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा आता कोण, असा प्रश्न पडला. शिकलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली आणि मागच्या रांगेतून अल्का म्हणाली, "मी वाचीन." बोटाखाली ओळ धरून वाचते. स्वल्पविरामाला थांबत नाही आणि पूर्णविरामाला इतकी थांबते की म्हाताऱ्यांची एक डुलकी होऊन जाते. पण अकरा वर्षांत तिनं एक संध्याकाळ चुकवली नाही. ज्या बाईला आयुष्यात कोणी 'बस' म्हटलं नव्हतं, तिच्यासाठी तिथं चटई अंथरून ठेवलेली असायची. तिला स्वतःचं असं काही मिळालं असेल तर ती चटई.

संघदीप इंजिनियर झाला, पुण्याला गेला, तिथून मलेशियाला. क्वालालंपूरला. बायको रिंकूही नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले आणि संघदीपचा फोन आला, "आई, तीन महिने ये." अल्का माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मी गोंदियाच्या पलीकडे नागपूर पाह्यलं, बस. विमानात मले काय समजनार?" मी म्हटलं, जा गं, जग बघून ये, धान घरात आलंय, तीन महिने कसे जातील कळणार नाही. ही चूक माझी. पुढचं सगळं सांगायच्या आधी मी ती कबूल करून टाकते.

नोव्हेंबरात ती गेली. पिशवीत जवसाची चटणी, विहारात नेसायची पांढरी साडी, बुद्धाचा छोटा फोटो आणि मेणबत्त्यांचा पुडा.

पहिला महिना तिचे फोन ऐकून मलाच हेवा वाटायचा. रिंकू तिला शनिवारी बाजारात न्यायची. "बाई, इथं बाराही महिने भादवा आहे वो, अंगाले घाम अन् आभाळाले पानी," ती सांगायची. "अन् एकाच रस्त्यावर मशीद, तिच्या पुढे तमिळ लोकाइचं देऊळ, अन् त्याच्या पुढे चिनी लोकाइचा विहार. आपल्या मूर्तीले शेंदऱ्या रंगाची मोठी मोठी फळं ठेवतेत." डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय फळवाली तिला केसाळ लाल फळ सोलून खायला द्यायची आणि बी थुंकून दाखवायची. तमिळ हारवाली तिच्या केसांत मोगरा माळून पैसे घ्यायला तयार नव्हती. अल्का म्हणाली, "इथं कोनी मले जात नाही पुसली, बाई. एकानंही नाही पुसली." फोनवर ती हे तीनदा बोलली. मी ऐकून घेतलं.

डिसेंबरात नातू झाला. अल्कानं त्याला तेल लावलं, शेकलं, न्हाऊ घातलं. रिंकूला डिंकाचे लाडू चारले. फेब्रुवारीचं परतीचं तिकीट होतं. ते एप्रिलवर गेलं, कारण रिंकूची रजा संपत होती. एप्रिलचं जूनवर गेलं, कारण पाळणाघरात लेकरू आजारी पडेल. जूनमध्ये संघदीपनं तिला एक कागद दाखवला. तिचा मुक्काम वर्षभरानं वाढवून घेतला होता. तिला विचारलं नव्हतं. पासपोर्ट त्याच्या कपाटात होता.

त्या साली आषाढीला विहारात चटई अंथरली आणि वाचायला मी बसले. मी बत्तीस वर्षं मुलांपुढे वाचलेलं आहे, माझे उच्चार चांगले आहेत. पण लोक अवघडून बसले होते, हे मला दिसत होतं.

संघदीप वाईट मुलगा नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तो आईला रविवारी फिरवायचा, तिच्यासाठी धुंडाळून तुरीची डाळ आणायचा. पण त्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर. लिफ्ट चालवायला कार्ड लागायचं आणि कार्डं दोनच होती, एक त्याच्या खिशात, एक रिंकूच्या पर्समध्ये. जिन्यानं उतरता आलं असतं, पण कडेवर लेकरू घेऊन बावीस मजले, आणि परत वर यायचं तर तिथंही कार्डच. तिसरं कार्ड मिळत नाही, असं त्यानं सांगितलं होतं.

भिंतीवर खालच्या पहारेकऱ्याशी बोलायचा एक फोन होता. तो पहारेकरी नेपाळचा, टेकबहादूर नावाचा. गोंदियात हयात काढलेल्या बाईला हिंदी वेगळी शिकावी लागत नाही. दुपारी लेकरू झोपलं की ती त्याच्याशी बोलायची. एक दिवस तिनं सहज विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कार्ड तो मिलता है, अम्मा. अर्जी दो, दो दिन में मिल जाता है."

त्या दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, "पोरगा माझ्यासंग खोटं बोलला, बाई. कायले बोलला असंन?" मला उत्तर माहीत होतं आणि तिलाही. संघदीपला भीती होती, ती खाली उतरली तर हरवेल म्हणून नव्हे, उतरली तर जाते म्हणेल म्हणून.

बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत मात्र तिला जाता यायचं. समोरच्या घरात एक चिनी आजी राहायची, सांभाळायला ठेवलेल्या बाईसोबत. मुलं ऑस्ट्रेलियात. सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणून अल्काही आमा म्हणायला लागली. आमा दारात स्टूल टाकून परातभर मोड आलेले मूग घेऊन बसायची आणि एकेका मोडाची शेपटी खुडायची. त्यांच्याकडे ती शेपटी ठेवणं म्हणजे गबाळेपणा. अल्कानं पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी लेकराला मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि हात घातला. वीस वर्षं बिड्या वळलेली बोटं ती. आमाची मूठ होईपर्यंत हिची अर्धी परात झाली. आमा हसत सुटली, तिची बोटं हातात घेऊन उलटीपालटी करून बघू लागली. तेव्हापासून रोजचं झालं. आमा आपल्या भाषेत बोलायची, अल्का झाडीबोलीत. मी विचारलं, काही कळतं का? तर म्हणे, "सारं कळते. तिचे लेकरं नुसता फोनच करतेत, येतच नाही. माझं लेकरू मले जाऊच देत नाही."

पुढच्या मार्चमध्ये आमाचा ऐंशीवा वाढदिवस आला. टेकबहादूरनं निरोप समजावून सांगितला, रविवारी जेवायला ये, ऑस्ट्रेलियाहून सगळे येताहेत. अल्कानं मला फोन केला, काय नेसू? आता मी काय सांगणार? आमच्याकडे मंगल म्हटलं की पांढरं. लग्न असो, नामकरण असो, विहार असो. म्हटलं, पांढरी साडी नेस, आणि मेणबत्त्या घेऊन जा, त्यांच्या मूर्तीपुढे लाव, म्हातारीसाठी त्रिसरण म्हण. तीही तेच ठरवून बसली होती. त्यांच्या देव्हाऱ्यात पांढरी वस्त्रं नेसलेली एक शांत मूर्ती होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

संघदीप आणि रिंकू लेकराला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. अल्का इस्त्रीची साडी नेसून समोरच्या घरात गेली. आत सगळं लाल होतं. लाल कपडे, लाल कागद, लाल रंगाची अंडी. सगळे तिच्याकडे बघून गप्प झाले. तिला वाटलं, पाहुणी म्हणून मान देताहेत. ती सरळ देव्हाऱ्यापाशी गेली, दोन पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, हात जोडले आणि म्हणायला सुरुवात केली. मागून कोणीतरी किंचाळलं. एका नातवानं धावत येऊन मेणबत्त्या विझवल्या. आमाच्या मुलीनं अल्काच्या दंडाला धरून तिला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

पांढरं नेसणं आणि पांढरी मेणबत्ती त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी असते. आम्ही दोघींनी मिळून एका जिवंत म्हातारीला तिच्या वाढदिवशी निरोप देऊन टाकला होता.

इमारतीच्या ऑफिसात तक्रार गेली. संघदीप लाजेनं काळाठिक्कर पडला. "आई, तुला कोणी सांगितलं होतं जायला? आणखी एक तक्रार झाली तर घर सोडावं लागेल आम्हाला." अल्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर निघाले तेव्हा संघदीपनं लाकडी दाराबाहेरचं लोखंडी जाळीचं दार ओढलं, त्याला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "थोडे दिवस, आई. लोक शांत होईपर्यंत."

सकाळी आठ ते संध्याकाळी सात. "बाई, मी कोंडवाड्यात आहो," ती फोनवर म्हणाली. "कोंडवाड्यातल्या ढोराले तरी कोनी सोडवाले येते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी संघदीपला फोन लावला. "काय रे, आईला कुलपात ठेवतोस?" तो अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्हाला इथलं माहीत नाही. मला आणि रिंकूला दोघांनाही नोकरी सोडता येत नाही. तिच्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवू?" इतक्या लांबून कान पिरगाळता येत नाही. मी फोन ठेवला आणि रागानं अख्खं अंगण झाडून काढलं.

आठ दिवसांनी दुपारी जाळीबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. अल्कानं आतलं दार उघडलं तर आमा, मांडीवर मुगाची परात घेऊन. ऑस्ट्रेलियाचे परत गेले होते. अल्कानं हात जोडून माफी मागितली, आपल्या साडीचा पदर धरून 'माहीत नव्हतं' असं कसंबसं दाखवलं. आमानं कुलूप हातात घेऊन पाहिलं, मग अल्काकडे पाहिलं. जाळीतून मुगाची एक मूठ आत दिली. परात आत जात नव्हती, म्हणून मूठ मूठ आत जायची आणि खुडून मूठ मूठ बाहेर यायची. तीन महिने हे रोज चाललं.

जूनमध्ये एका दुपारी अल्काचा फोन आला. मी गोंदियाहून परतायच्या बसमध्ये होते. तिच्या आवाजाआधी मला मागचा भोंगा ऐकू आला, कान फाडणारा. "बाई, आगीचा भोंगा होऊन राहिला. धूर येऊन राहिला. संघदीप फोन उचलत नाही. रिंकूचा लागतच नाही. जाळीले कुलूप आहे, बाई." लेकरू रडत होतं. मी ओरडले, पहारेकऱ्याला फोन कर, ओलं फडकं लेकराच्या तोंडाला लाव, खिडकीत जा. बसमधले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी आणखी काय करणार होते? गावाच्या रस्त्यावर बसमध्ये उभी राहून मी तिला दाराबाहेर कशी काढणार होते? फोन कटला आणि मी कंडक्टरच्या सीटवर बसून लहान पोरीसारखी रडले.

काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. मजल्यावरचे सगळे जिन्याकडे धावले. आमाला सांभाळणारी बाई आमाला ओढत होती. आमानं तिचा हात झटकला, तिला जायला सांगितलं, आत जाऊन स्टूल आणलं आणि जाळीला टेकवून बसली. जाळीतून हात घालून तिनं लेकराचा पाय धरला आणि दुसऱ्या हातानं अल्काचं मनगट. अल्का ओरडत होती, "जा वो माय, तू कायले बसली, जा ना!" आमा जागची हलली नाही. ऐंशी वर्षांची बाई, जिला खाली जायला मोकळा जिना होता, ती धुरात खोकत बसून राहिली. जिला आम्ही पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या होत्या, ती.

टेकबहादूर बावीस मजले जिन्यानं चढून आला, हातात लोखंड कापायची मोठी कात्री घेऊन. कुलूप तुटलं. सतराव्या मजल्यावर कोणाचं तरी तेल पेटलं होतं, ते तोवर विझलंही होतं. पंचवीस मिनिटं गेली होती. आमाचा हात सोडवला तेव्हा तिच्या मनगटावर जाळीचे चौकोन उमटलेले होते.

संघदीप आला तो पायाच पडला. रडला, लेकराला कवटाळून बसला. पुढच्या दोन दिवसांत कुलूप गेलं, तिसरं कार्ड आलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं ते कार्ड अल्काच्या हातात ठेवलं. "आई, आता तू मोकळी. कुठंही जा, ये."

अल्का म्हणाली, "अन् तिकीट?"

त्यानं लेकराकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांब. याला थोडं बोलता येऊ दे, मग पाळणाघरात टाकू."

"आषाढीले अठरा दिवस राह्यले, बापा. मले विहारात वाचाचं आहे. मागच्या साली चुकलं."

"इथून वाच ना. फोनवर, व्हिडिओ लावून. तिकडं टीव्हीवर दिसशील सगळ्यांना."

"दीड वर्ष कोंडून ठेवलं तू मले," अल्का म्हणाली. इतक्या दिवसांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काढला.

संघदीपला तो लागला. त्याचा आवाज चढला. "कोंडून? आणि तू काय करायचीस? मी तीन वर्षांचा होतो. रोवणीला जाताना लुगड्याच्या काठानं मला खांबाला बांधून जायचीस. तांब्याभर पाणी आणि वाटीभर मुरमुरे ठेवून. पायाला वळ पडायचे माझ्या. मी कधी काढलं का तोंडातून? मला कळायचं, तुझा इलाज नव्हता. तसा आज माझा नाही, आई. एवढंच आहे."

रिंकूनं मान खाली घातली. लेकरू अल्काच्या गुडघ्याला धरून उभं होतं. अल्का म्हणते, पोरगा खरंच बोलत होता, बाई. मी बांधलं होतं. शेजारीण सांगायची, दिवसभर रडते म्हणून, तरी दुसऱ्या दिवशी बांधत होती.

तिनं गुडघ्याशी उभ्या लेकराच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बांधत होती, बापा. खरं आहे. पन संध्याकाळी सोडत होती ना रे."

संघदीप उठला आणि कपाटातून तिचा पासपोर्ट काढून आणला.